स्टँडपासून समुद्र पाच मिनिटं

एसटीत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलं आणि रिटायर झाल्यावर घेतलं काय, तर परत गाडीच. पोरगं म्हणलं पप्पा आता तरी मागच्या सीटवर बसा की, पण मागं बसलं की मला मळमळतं, खरं सांगतोय, दुसऱ्याच्या हातात गाडी असली की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागतो.

तर सेकंडहँड व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून प्लायचा खोका केला, खोक्यावर सहा फूट बाय पावणेचार फूट गादी, खोक्यात पाच किलोचा सिलेंडर, शेगडी, वीस-वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन, डबे, दोरी, कोयता, सगळं. पुतण्यानं १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवून दिली, गाडी चालली की ती चार्ज होते आणि रात्री त्यावर १२ व्होल्टचा पंखा नि दिवा. असा कायमचा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते, ती रीतसर घेतली, आरसीवर नोंद केली. हे आधीच सांगतो कारण गाडी बघितली की पहिला प्रश्न तोच येतो. दुसरा प्रश्न संडासचा. तो आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी विचारला होता. त्यासाठी घडीची खुर्ची आणि पिशव्या आहेत, पण त्या फक्त रात्रीच्या अडचणीला, बाकी पेट्रोल पंप आणि एसटी स्टँड. कुठल्या स्टँडवर काय आहे हे मला झोपेत विचारा.

आत उभं राहता येत नाही. चड्डी बदलायची तर आडवं पडून. मोटरहोम म्हणायला पोरगं हसतं, पण आम्ही म्हणतो.

दिवस पहिला. कराड ते गुहागर

फेब्रुवारीतला दिवस, सहाला निघायचं ठरलं होतं, मी साडेचारला उठून टायर बघितले, पाणी बघितलं, ऑइल बघितलं, परत टायर बघितले. ही म्हणली अहो गाडी लांब पल्ल्याची नाही, तुम्ही झोपा. त्यात संकष्टी, म्हणजे हिचा उपास. संकष्टीला निघायला नको असं मी म्हणलो होतो पण ती म्हणली गणपती बघायलाच चाललोय ना, मग संकष्टीसारखा दिवस नाही.

घाटात गाडी लागते तिला, म्हणून हातात लिंबू आणि तोंडात आवळासुपारी. पाटण सोडल्यावर डाव्या-उजव्या हाताला कुठल्या वाडीत माझी वस्तीची गाडी असायची ते मी दाखवत होतो. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, वस्तीची म्हणजे मुक्कामी गाडी, रात्री आठ-नऊला शेवटच्या गावात जायची आणि पहाटे तिथूनच निघायची, आणि ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे. सीटचे दोन कुशन काढून मधल्या वाटेत टाकायचे, उन्हाळ्यात टपावर. कुणीतरी भाकरी-कालवण आणून द्यायचं. म्हणजे मोटरहोमचा अनुभव मला तसा जुनाच आहे, फक्त बरोबर कंडक्टर असायचा. हिला हे सांगितलं तर म्हणली, मग तिकिटाचं बोलू नका, एसटीत मला २०२३ पासून हाफ तिकीट आहे, तुमच्या गाडीत पेट्रोल फुल.

कोयनानगरला चहा. माझा जन्म ह्याच खोऱ्यातला, ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांचा, आई सांगायची की मला गोधडीत गुंडाळून उजाडेपर्यंत शेतात बसली होती. मला अर्थातच काही आठवत नाही, पण कोयनेत चहा प्यायला की ते आठवल्यासारखं होतं.

कुंभार्ली घाट सेकंडमध्ये उतरलो. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा, हा नियम पाळला की ब्रेक तापत नाहीत, आता बघतो तर माणसं न्यूट्रलला टाकून उतरतात पेट्रोल वाचवायला, आणि खाली पोफळी गावात येऊन ब्रेकच्या लाइनरचा वास का येतोय म्हणून विचारतात. हिला एकदाही उलटी झाली नाही. मी म्हणलं बघ, तुला गाडी लागत नव्हती, ड्रायव्हर लागत होता. हे बोलायला नको होतं कारण तिनं लगेच लग्नानंतरचा जोतिबाचा प्रवास काढला, आणि त्या गाडीवर ड्रायव्हर मीच होतो.

चिपळूण, मग गुहागर. स्टँडवर पोचलो तेव्हा घड्याळात एक वाजून दहा. माझ्या जुन्या गाडीची वेळ एक पाच होती. पाच मिनिटं लेट.

आता जे सांगतोय ते सांगायला लाज वाटते. ह्या गुहागर लाइनवर मी अकरा वर्षं होतो. एकला यायचं, दीडला निघायचं, मधल्या वेळात कँटीनला चहा आणि भजी, टायरवर पाना मारून बघायचा, कंट्रोलरकडे सही, निघालो. स्टँडपासून समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे. अकरा वर्षांत मी तो बघितला नव्हता. वास यायचा, माडाच्या झावळ्या हलायच्या, आवाज पण यायचा कधी कधी, पण गाडी सोडून जायचं कसं, आणि पाच मिनिटं जायची पाच यायची म्हणजे चहा बुडाला.

तर ही पुढं आणि मी मागं असे आम्ही व्याडेश्वराच्या देवळावरून खाली गेलो, आणि एकदम समोर सगळं मोकळं. लांबच लांब किनारा, मागं सुरूची झाडं, माणूस जवळजवळ नाहीच. ही काही बोलली नाही. मग म्हणली, "हे इतकं जवळ होतं?" मी म्हणलं हो. "अकरा वर्षं?" हो. पुढं तिनं विषय वाढवला नाही, चप्पल माझ्या हातात दिली आणि पाण्यात गेली.

रात्रीसाठी जागा म्हणजे एका घरगुती खाणावळीच्या मागची वाडी. गाडी लावायचे, संडास-बाथरूमचे आणि सकाळच्या अंघोळीच्या गरम पाण्याचे मिळून दोनशे. पोफळी, मध्ये पाटाचं पाणी, गाडी लावली तिथं डोक्यावर नारळ नाही ना ते बघून घ्या असं मालकीण वहिनींनी सांगितलं, हा सल्ला अगदी लाखमोलाचा आहे, माडाखाली गाडी लावू नका. उपास सोडायला चंद्र हवा, आणि चंद्र उगवणार पूर्वेला, म्हणजे समुद्राकडं नाही तर गावाच्या मागच्या डोंगरावर, साडेनऊ वाजून गेले तरी पोफळींतून काही दिसेना, शेवटी मी गाडीच्या टपावर चढलो आणि तिथून ओरडलो आला आला. वहिनी हसत होत्या. उकडीचे मोदक त्यांनीच दिले. ओल्या काजूची उसळ पण होती, हंगामाची पहिलीच.

जेवताना बोलता बोलता मी एसटीत होतो हे निघालं आणि वहिनी आत जाऊन एक स्टीलचा डबा घेऊनच आल्या. मुलगा रत्नागिरीला शिकतोय, त्याला द्यायचा, पूर्वी आम्ही ड्रायव्हरकडंच द्यायचो की. कुळथाचं पीठ, आमसुलं, खोबऱ्याच्या वड्या. झाकणावर घरातलं नाव कोरलेलं, तारेनं बांधलेला. मी म्हणलं वहिनी आम्ही मुक्काम करत करत जाणार, रत्नागिरीला पोचायला तीन दिवस लागतील. त्या म्हणल्या लागू देत, नासण्यासारखं काही नाही.

ड्रायव्हर सीटच्या मागं, जिथं कायम डबे असायचे तिथंच तो डबा ठेवला.

दिवस दुसरा. वेळणेश्वर, हेदवी

झोप बरी लागली. पंखा रात्रभर चालून बॅटरी थोडीच उतरली. मच्छरदाणी चुंबकानं दाराला लावायची म्हणजे छान बसते पण एक बाजू उघडी राहिली होती आणि ती बाजू माझी होती.

वेळणेश्वरला दर्शन घेऊन साडेअकराला हेदवी. दशभुज गणपतीचं देऊळ वर टेकडीवर, स्वच्छ, मूर्ती पांढरीशुभ्र संगमरवरी, दहा हातांची. हिनं तिथं तासभर काढला असेल. मग खाली समुद्राकडं उमामहेश्वराचं देऊळ आहे, तिथली बामणघळ बघायची होती. बामणघळ म्हणजे काळ्या कातळाला पडलेली लांब अरुंद चीर, तिच्यात लाट शिरली की आत दाबली जाऊन पाणी वर उसळतं. आम्ही गेलो तर खाली थोडंसं पाणी डबक्यासारखं डुचमळतंय. मी म्हणलं झालं, बघितली, चला.

तिथं देवळापाशी एक आजोबा बसले होते. म्हणले आता काय दिसणार, ओहोटी आहे. पाणी केव्हा येईल? त्यांनी विचारलं आज तिथी कोणती. ही म्हणली पंचमी. आजोबा म्हणले पंचमी, म्हणजे पावणेचार.

मला वाटलं अंदाजे सांगतायत. तसं नव्हतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. पाच पाऊणे पावणेचार. चतुर्थी असती तर तीन, अष्टमीला सहा. रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकतं. दिवसाची एक भरती आणि रात्रीची एक, मध्ये सहा-सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं, अष्टमीला कमी. कोकणातल्या माणसाला हे पाढ्यासारखं पाठ, आणि मी अकरा वर्षं ह्या बाजूला येत होतो, मला माहीत नाही. मला फक्त एसटीचं टाइमटेबल माहीत.

म्हणजे आता तीन तास थांबायचं. कशासाठी, तर पाणी उडताना बघायला. मी दोनदा म्हणलं पुढं जाऊ, तवसाळला जेटीवर जेवू, हिनं ऐकलं नाही, शेगडी काढली, झाडाच्या सावलीत भात टाकला, पिठलं केलं, आजोबांना पण वाढलं. मग ती सतरंजीवर झोपली. मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. टायर बघितले. आरसे पुसले. दीड वाजला. आजोबा म्हणले ड्रायव्हरसाहेब, बसा की. मी बसलो. दहा मिनिटांनी परत उठलो. थांबणं हे किती अवघड काम आहे, घाट परवडला.

तीन वाजता आवाज बदलला. आधी डब डब असा, मग घशातून आल्यासारखा. सव्वातीनला पहिलं पाणी वर आलं, गुडघ्याएवढं. मग एकेक लाट आली की आम्ही मोजायचो, काही फुसक्या, आणि मग एक अशी आली की घळीतून धुरळ्यासारखं पाणी माणसाच्या वर गेलं आणि ही ओरडली, तिच्या अंगावर तुषार, चष्मा भिजला, आणि ती साठीची बाई नुसती हसत सुटली. पावसाळ्यात ह्याच्या कितीतरी पट उडतं म्हणे, पण तेव्हा तिथं जवळ जाण्यात शहाणपणा नाही, कातळ निसरडा असतो आणि माणसं गेलेली आहेत. मी घड्याळ बघितलं. तीन पन्नास. पाच मिनिटं इकडं तिकडं, एसटीला सुद्धा एवढं चालतं.

मुक्काम तिथंच, गावात एकांच्या खळ्यात विचारून गाडी लावली. संध्याकाळी गुहागरच्या वहिनींचा फोन. डबा कुठवर आला? म्हणलं हेदवी. त्या म्हणल्या अजून हेदवी?

दिवस तिसरा. तवसाळ, जयगड, मालगुंड

फेरीबोटीवर गाडी चढवायची माझी पहिलीच वेळ. एसटी कायम रस्त्यानं गेली, खाडी आली की वळसा. तवसाळच्या धक्क्याला बोट लागली, फळी खाली आली आणि खलाशी पोरगा हातवारे करायला लागला, काका या, या, डावीकडं कापा, बस. माझ्या पोटात गोळा. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर गाडी घ्यायची सवय आहे हो, कंडक्टरनं मागं थाप मारली की रिव्हर्स घेतोच, पण खालची जमीन हलतेय म्हणल्यावर क्लचवर पाय थरथरतो. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, तरी दहा मिनिटं खाली उतरलो नाही. ही मात्र कठड्याला जाऊन उभी, शास्त्री नदी समुद्राला मिळते ते बघत. थोड्या वेळात जयगड. रस्त्यानं फिरून आलो असतो तर अर्धा दिवस मोडला असता.

मालगुंड हे कवी केशवसुतांचं जन्मगाव, १८६६ चा जन्म, त्यांचं घर आणि स्मारक आहे, कौलारू, शेणानं सारवलेलं, दुपारच्या उन्हात आत गेल्यावर जो गारवा लागतो त्यासाठी सुद्धा जावं. हिनं शाळेतल्या कविता म्हणून दाखवल्या, मला एकही आली नाही.

आणि मग मी माती खाल्ली. खरं म्हणजे वाळू खाल्ली.

किनाऱ्याकडं जाणारी एक वाट दिसली, टायरच्या खुणा होत्या, म्हणलं एकदम पाण्यासमोर लावू, मागचं दार उघडलं की समुद्र, फोटोत असतं तसं. सुरूच्या झाडांपासून तीस-चाळीस फूट पुढं गेलो असेन, मागची चाकं बसली. मी काय केलं, तर जोरात रेस दिली. एकतीस वर्षं विनाअपघात, बिल्ला आहे माझ्याकडं, आणि मी नवशिक्यासारखी रेस दिली, चाकं अर्धी आत गेली. ही म्हणली आज तिथी षष्ठी. आणि आम्ही दोघांनी एकदमच हिशोब केला. सहाची पाऊणपट साडेचार. घड्याळात पावणेतीन, आणि वाळूवर कालच्या पाण्याची रेघ गाडीच्या मागं होती, पुढं नाही.

धावत गेलो. मासेमारीची जाळी सोडवत पाच-सहा पोरं बसली होती. आली. एकानं विचारलं काका हवा किती आहे? तीस. तो म्हणला निम्मी काढा. मला वाटलं चेष्टा करतोय, आयुष्यभर मी हवा कमी असली तर गाडी डेपोबाहेर काढली नाही. पण वाळूत टायर जेवढा चपटा तेवढा तो पसरतो, रुततो कमी. काढली हवा, चारी चाकांची. पोरांनी हातांनी चाकांपुढची वाळू उकरली, झावळ्या आडव्या टाकल्या, आतलं सगळं सामान बाहेर काढलं, पाण्याचे कॅन, सिलेंडर, गादी, आणि तो डबा. ही डबा पोटाशी धरून झाडाखाली उभी. रेस न देता, सेकंडला, हळू, असं मला वीस वर्षांचं पोरगं शिकवतंय आणि मी हो हो म्हणतोय. तिसऱ्या खेपेला निघाली. झाडांपाशी पोचेपर्यंत मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, तोही हिच्या हातचा, त्याच झाडांखाली. साडेचारला आम्ही तिथंच बसून बघितलं, माझ्या चाकांनी केलेल्या खड्ड्यात पाणी आलं, दोनचार लाटांत बुजला.

दिवस चौथा. रत्नागिरी

सकाळी गणपतीपुळे, डोंगराची प्रदक्षिणा. आरे-वारेचा रस्ता, त्यावर काही लिहीत नाही, सगळ्यांनी फोटो बघितलेत, फक्त वळणावर गाडी थांबवून सेल्फी काढू नका, समोरून एसटी येते आणि तिच्या ड्रायव्हरला पण बायकापोरं आहेत.

रत्नागिरी स्टँडवर मुलगा डबा घ्यायला आला. सडपातळ, चष्मा, लाजरा. डबा हातात घेतला आणि आधी वास घेतला. मग पिशवीतून दुसरा, तसाच, रिकामा डबा काढला, मागचा, आईला द्यायचा. मी म्हणलं अरे आम्ही आता कराडला जाणार, गुहागरला नाही. तो गोंधळला. म्हणला आई म्हणली काका डबे नेतात. काय बोलणार, घेतला.

माझा जुना कंडक्टर इथंच राहतो. त्यानं थिबा राजवाडा दाखवला, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ ला पकडून आणला, ह्या वाड्यात तो १९१० नंतर राहिला आणि १९१६ ला गेला. एवढा मोठा वाडा आणि माणूस परत घरी जाऊ शकला नाही. रात्री गाडी त्याच्या दारात, त्याच्या बायकोनं सुरमई केली, ही सोडून सगळे जेवलो. तो गाडीत वाकून शिरला, सगळं बघितलं, गादीवर बसला आणि म्हणला, वस्तीच्या गाडीपेक्षा बरंय, ढेकूण नाहीत.

दिवस पाचवा

पावस, पूर्णगडचा पूल, कशेळीचा कनकादित्य, म्हणजे सूर्याचं देऊळ. ऊन फार होतं. हिचे पाय सुजले होते, दुपारभर कशेळीत झाडाखाली गाडीची दोन्ही दारं उघडून पडून राहिलो. काहीच केलं नाही. टायर एकदाच बघितले.

दिवस सहावा. अणुस्कुरा, मलकापूर, कराड

सकाळी निघताना कंडक्टरची आठवण म्हणून हिनं टपावर दोन थापा मारल्या. डबल बेल. मी गिअर टाकला.

अणुस्कुरा घाट चढताना वरून एसटी उतरत होती, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते पण मीच कडेला घेतली, त्यानं हात केला, मी हात केला. मलकापूर, कोकरूड, उंडाळे, पाच वाजता घरी. गादीखालून, प्लायच्या फटीतून, स्टोव्हच्या नळीतून वाळू निघतेय, आज आठवा दिवस.

डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. वहिनींना फोन केला, कुरियरनं पाठवू का. त्या म्हणल्या कशाला खर्च, याल तेव्हा आणा की. रिकामा डबा परत करत नाहीत, त्यामुळं त्यात काय घालायचं ह्यावर घरात चर्चा चालू आहे, मी म्हणतोय गूळ, ही म्हणतेय शेंगदाण्याची चटणी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं पुढच्या महिन्याच्या पंचमीवर खूण केलेली मी बघितली, तिला अजून बोललो नाही.